पिकअपचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) दर ८०-९० किमीला रीजन (काजळी जाळून सफाई) मागतोय. फिल्टर बदलू की आधी कारण शोधू?

डबल_केबिन

नमस्कार मंडळी. डिझेल पिकअप आहे, डबल केबिन, १,२८,००० किमी झालेत. गेले दोन महिने डॅशवरचा तो ठिपक्याठिपक्यांचा पिवळा दिवा पाठ सोडत नाही. आधी महिन्यातून एकदा लागायचा, गाडी जरा लांब फिरवून आणली की जायचा. आता दर ८०-९० किमीला लागतो, हौद्यात सामान असो की नसो. मध्येच लिम्प मोडला जाते, म्हणजे गाडी स्वतःच ताकद कमी करते, आणि मग चढावर दुसऱ्या गिअरमध्ये बैलगाडी.

माझं रोजचं जाणं-येणं थोडकंच. सकाळी ६ किमी, संध्याकाळी ६ किमी, मध्ये दोन-तीन थांबे. ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, हायवेला नेऊन पळव. तीनदा नेली. ८० च्या वेगाने पाऊण-पाऊण तास. दिवा तसाच, वर मायलेज पडलं ते वेगळंच.

वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून उभ्या गाडीत दोनदा रीजन करून दिलं. पहिलं चार दिवस टिकलं, दुसरं दीड दिवस. कोड पी २४६३. आता म्हणतात फिल्टर संपलाय, नवा टाका. आकडा ऐकून मी तिथल्या टायरवरच बसलो.

फिल्टर असा संपतो का? कोणी यातून गेलंय?

पाना_बारातेरा

बदलू नका. निदान आज तरी नको.

पी २४६३ म्हणजे काजळी मर्यादेपेक्षा जास्त साठली, एवढंच. ती का साठली हे तो कोड सांगत नाही. गटार तुंबलं की गटार बदलायच्या आधी वरून काय वाहून येतंय ते बघतात.

मला आकडे द्या. चावी ऑन, इंजिन बंद असताना डिफरन्शियल प्रेशर, म्हणजे फिल्टरच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक, किती? आयडलला किती, अडीच हजार आरपीएमला किती? शेवटचं रीजन पूर्ण होऊन किती किमी झाले? आणि चालत्या गाडीतलं कूलंटचं तापमान, डॅशच्या काट्यावरचं नाही, स्कॅनरवरचं. साधा ब्लूटूथ रीडर आणि तुमच्या इंजिनाची माहिती वाचणारं अ‍ॅप असलं तरी पुरे.

ते होईल तेव्हा होईल. आत्ता आधी बॉनेट उघडा आणि डिपस्टिक बघा.

जुगाडू_नंबर_वन

इतकी माथेफोड कशाला? आतली जाळी काढून सरळ पाइप मारा, इंजिनाचा मॅप (सॉफ्टवेअर) बदलून घ्या. दिवा गेला, कटकट गेली.

राखुंडी

जुगाडूभाऊ, दिवा जाईल, कारण दिव्याची तारच तोडलीत. इंजेक्टर गळत असेल तर तो गळतच राहणार, टर्बो ऑइल पीत असेल तर पीतच राहणार, फक्त आता कोणी सांगणारं उरलं नाही. शिवाय अमेरिकेत २००७ पासून, युरोपात युरो ५ आल्यावर २००९ पासून आणि भारतात बीएस ६ मुळे २०२० पासून हा फिल्टर काही हौसेने बसवलेला नाही. तो काढणं बेकायदा आहे, तपासणीत पकडलं जातं आणि मागच्या गाडीवाल्याच्या नाकात जातं ते आहेच. त्या विषयाला वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

धागाकर्त्यांसाठी थोडं सविस्तर, कारण "फिल्टर संपला" या शब्दात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

आतली वीट सिरॅमिकची असते, कॉर्डिएराइट किंवा सिलिकॉन कार्बाइड. मधमाशीच्या पोळ्यासारख्या उभ्या नळ्या, पण एक नळी या टोकाला बंद तर शेजारची त्या टोकाला. धुराला सरळ बाहेर पडताच येत नाही, भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जावं लागतं. काजळी अलीकडे अडकते.

ही काजळी जळते. नुसत्या ऑक्सिजनवर जाळायची तर साधारण ५५० ते ६०० अंश लागतात. डिझेलचा धूर रोजच्या चालण्यात एवढा तापत नाही, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मुद्दाम उशिरा, स्फोट होऊन गेल्यावर, थोडं जादा डिझेल मारतो. ते पुढच्या ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टवर जळतं आणि धूर तापवतं. हे झालं सक्रिय रीजन. त्याशिवाय इंजिनावर ओझं असताना २५०-४०० अंशांना नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने काजळी हळूहळू आपोआप झिजत असते, त्याचा दिवाही लागत नाही. ६ किमीच्या फेरीत हे दुसरं जवळपास होतच नाही.

जळत नाही ती राख. ती मुख्यतः इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंक वगैरेंची. कितीही रीजन करा, ती तिथेच राहते, नळीच्या टोकाला थर धरून. फिल्टर "संपतो" तो राखेने. तुमच्याकडे बोंब आहे काजळीची. राखेसाठी बहुतेक गाड्यांत कोडही वेगळा असतो, पी २४२एफ. तो आला होता का?

डबल_केबिन

राखुंडी, तो कोड नाही. फक्त २४६३.

पाना, तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता टॉर्च घेऊन खाली गेलो. डिपस्टिक पुसली, घातली, काढली. ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं बोटभर वर आहे! मागच्या सर्व्हिसनंतर मी थेंबही घातलेला नाही. वास घेतला तर डिझेल. बोटावर चोळलं तर पाण्यासारखं पातळ. गाडीने ऑइल जन्माला घातलं काय?

पाना_बारातेरा

हेच बघायचं होतं. उद्या गाडी चालवू नका.

राखुंडीने वर सांगितलं ते उशिरा मारलेलं डिझेल सगळंच धुराबरोबर जात नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीला लागतं, रिंगांवरून घरंगळून खाली ऑइलमध्ये उतरतं. रीजन ५०० किमीला एकदा नीट झालं तर ते पचून जातं. तुमच्याकडे ते सुरू होतंय, मध्येच सुटतंय, पुन्हा सुरू होतंय. दर वेळी थोडं डिझेल खाली. पातळ ऑइलवर बेअरिंग आणि टर्बो किती दिवस काढतील? आणि पातळी फारच वाढली तर ब्रीदरमधून तेच ऑइल इंजिन स्वतः ओढून घेतं आणि चावी बंद केली तरी रेस वाढत जाते. मी एकदा समोर उभा राहून पाहिलंय. टॉप गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद पाडावं लागलं होतं. ऑटोमॅटिकला तेही नाही.

ऑइल आणि ऑइल फिल्टर आधी बदला. पण मूळ कारण सापडेपर्यंत महागडं भरू नका, ते पुन्हा फेकावं लागणार. डब्यावर कमी राखेचा मानांक मात्र हवाच. एसीईए सी ३ की एपीआय सीके ४, ते गाडीच्या पुस्तकात बघा. तिथे चूक केलीत तर राखुंडीचं नाव सार्थ होईल.

घाईत_नाही

वाचतोय. माझा अनुभव, हसू नका. माझा पिकअप तीन आठवडे रीजन करतच नव्हता. सेन्सर बघितले, होज बघितले, दोन मेकॅनिकांचं डोकं खाल्लं. शेवटी पुस्तकात एक ओळ सापडली: टाकीत ठरावीक पातळीखाली डिझेल असेल तर रीजन सुरू होणार नाही. मला टाकी पाव भागाच्या वर भरायची सवयच नाही. टाकी भरली, वीस मिनिटांत काम झालं.

निळी_नळी

अजून एक बघा. फिल्टरच्या दोन्ही बाजूंनी प्रेशर सेन्सरला दोन बारीक नळ्या जातात. माझ्या गाडीत इंजिन बंद असतानाही सेन्सर ३ किलोपास्कल दाखवत होता. बंद इंजिनात कसला दाब? शून्यच हवा. सेन्सर बिघडलेला, ईसीयूला वाटायचं फिल्टर तुंबला, आणि रिकामाच फिल्टर पुन्हा पुन्हा भाजत बसायचा. सेन्सर बदलला, विषय संपला. याच्या उलटही होतं. अलीकडची नळी तडकली तर दाब कमी दिसतो आणि फिल्टर गळ्यापर्यंत भरला तरी पत्ता लागत नाही.

जुगाडू_नंबर_वन

ठीक आहे बाबा, जाळी नका काढू. निदान काढून प्रेशर वॉशरने धुऊन तर घ्या.

राखुंडी

प्रेशर वॉशर नको. त्या जोराने विटेभोवतीचं मॅट सुटतं, आतला कॅटॅलिस्टचा लेप जातो, आणि ओली राख नळीच्या टोकाला दामटून बसते ती कायमची. राख काढायची योग्य रीत म्हणजे फिल्टर उतरवून भट्टीत तापवायचा, उलट्या बाजूने हवेचे झोत मारायचे, आणि आधी-नंतर वजन आणि हवेचा प्रवाह मोजायचा. मोजल्याचा कागद देत नसतील तर त्यांनी नुसता पुसून दिलाय असं समजा.

पण पुन्हा सांगतो, इथे राखेचा पुरावा अजून नाही. आकडे येऊ द्या.

डबल_केबिन

आकडे आले. दोन दिवस खपलो. ऑइल बदललं, जुनं काढलं तेव्हा भरल्यापेक्षा जवळपास दीड लिटर जास्त निघालं. मग शेजारच्याचा रीडर लावून बायकोला बाजूला बसवलं. ती आकडे वाचते, मी चालवतो.

चावी ऑन, इंजिन बंद: ०. म्हणजे निळी_नळी यांची सेन्सरची शंका बाद.
आयडल: १.१ किलोपास्कल. अडीच हजारला: ९.४.
काजळी ७८ टक्के. शेवटचं पूर्ण रीजन ८३ किमीपूर्वी, म्हणजे वर्कशॉपमधलंच. त्यानंतर अर्धवट सुटलेली रीजन: ५.

आता गंमत. गावात थांबत-थांबत चालवताना कूलंट ७६-७८. मोकळ्या रस्त्याला लागलो, ८० चा वेग धरला, आणि बायको म्हणाली, "अरे, हे कमी होतंय." ७४, ७१, ६८, ६५. डॅशचा काटा मात्र मधोमध, हललासुद्धा नाही. त्याच फेरीत रीजन सुरू झालं तेव्हा कूलंट ७२ होतं. फिल्टरच्या आधीचं धुराचं तापमान ५९० पर्यंत चढलं. चार मिनिटं झाली असतील, कूलंट ६५ ला आलं आणि रीजनची ओळ १ वरून ०. धूर थंड पडत गेला. परत गावात आलो, कूलंट पुन्हा ७७.

मी मूर्खासारखा रेस देत होतो, की तापेल म्हणून.

पाना_बारातेरा

सापडलं. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.

चांगला थर्मोस्टॅट ८२-८८ च्या आसपास उघडतो, त्याखाली रेडिएटरकडे पाणी सोडतच नाही. तुमचा कायम उघडा. गावात वारा कमी, म्हणून ७७ तरी टिकतं. मोकळ्या रस्त्याला रेडिएटरवर ८० चा वारा, इंजिन गारठतं. जितकी पळवाल तितकं गार. ईसीयूला गार इंजिनात रीजन चालत नाही, तो सोडून देतो.

डॅशच्या काट्यावर जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत तो सॉफ्टवेअरने मुद्दाम मध्ये धरून ठेवलेला असतो, लोक घाबरू नयेत म्हणून.

एक सांगा, केबिनचा हीटर कसा आहे?

डबल_केबिन

कोमट! गेलं वर्षभर कोमट. मला वाटलं गाडी जुनी झाली.

आणि अजून एक. वर्कशॉपने पहिल्यांदा स्कॅन केलं तेव्हा मी स्क्रीनचा फोटो काढला होता. आत्ता तो मोठा करून बघितला. २४६३ च्या खाली दुसरी ओळ आहे, पी ०१२८. मी तेव्हा विचारलंही होतं, तर म्हणाले तो किरकोळ आहे, आणि पुसून टाकला.

राखुंडी

पी ०१२८ म्हणजे कूलंट थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोचत नाहीये. अख्ख्या धाग्याचं उत्तर त्या फोटोत होतं. :)

आता सगळं जुळतं. उभ्या गाडीतली दोन रीजन यशस्वी का झाली? वारा नव्हता, रेस वाढवलेली होती, कूलंट वर टिकलं. मग परत चार दिवसांत का भरलं? गार इंजिन मुळात काजळी जास्त करतं, आणि आपोआप झिजणारी तर झिजत नव्हतीच. आणि हायवेचा सल्ला, जो दहापैकी नऊ जणांना लागू पडतो, तो तुमच्या गाडीला विष ठरला. प्रत्येक फेरीत एक रीजन सुरू होऊन सुटलं आणि थोडं डिझेल ऑइलमध्ये गेलं. तो सल्ला मीही तुम्हाला दिलाच असता.

घाईत_नाही

मग थर्मोस्टॅट बदलेपर्यंत टाकीत ते डीपीएफ क्लीनर घालून चालेल का? बाटलीवर तर बरंच काही लिहिलेलं असतं.

राखुंडी

त्यामागची कल्पना खोटी नाही. २००० साली प्यूजो ६०७ मध्ये पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर असा फिल्टर आला तेव्हा डिझेलमध्ये सिरियमचं द्रावण मिसळायची सोय गाडीतच होती. त्याने काजळी साधारण ४५० अंशांना पेटते. पण ज्या गाडीत रीजन चौथ्या मिनिटाला सुटतंय तिथे लवकर पेटून उपयोग काय? आणि त्या धातूचीही शेवटी राखच होते.

पाना_बारातेरा

मी बाटलीच्या बाजूने थोडा आहे. इंजेक्टर खराब असेल, गिऱ्हाइकाला आठवडाभर वेळ काढायचा असेल, तर फरक पडलेला पाहिलाय. पण इथे नको. थर्मोस्टॅट बाटलीपेक्षा लवकर बदलून होतो.

डबल_केबिन

बदलला. यावेळी दुसरीकडे गेलो आणि समोर उभा राहिलो.

हाउसिंग उघडलं. गरम पाण्यात टाकून तपासायची वेळच आली नाही. टेबलावर थंड पडलेला असताना झडप दोन मिलीमीटर उघडी होती. कडेला काळा, वाळलेला, नखाएवढा तुकडा अडकलेला. मेकॅनिकने पिनने उचकटला, रबरासारखा वाकला. सीलंट! दीड वर्षापूर्वी वॉटर पंप बदलून घेतला होता, तेव्हा कोणीतरी गॅस्केटवर हात सैल सोडून सीलंट फासलं असणार. त्यातला तुकडा फिरत-फिरत बरोबर तिथे येऊन बसला. तुकडा निघाला तरी स्प्रिंग सैल झाली होती, म्हणून नवाच टाकला, नवीन कूलंटसह.

पहिल्याच फेरीत बायको म्हणाली, "८७. ८७. अजून ८७. मी आता उतरू का?"

निळी_नळी

वहिनींना दंडवत. रीजन झालं का?

डबल_केबिन

तिसऱ्या दिवशी आपोआप सुरू झालं. आयडल जरा वाढलं, पंखा जोरात, आणि तो जळका वास. पूर्वी हा वास आला की मी गाडी बाजूला घेऊन बंद करायचो, काहीतरी जळतंय म्हणून! यावेळी चालवत राहिलो. १७ मिनिटं, धूर ६१० पर्यंत, कूलंट शेवटपर्यंत ८६-८८. काजळी ७९ वरून ६ टक्के. अडीच हजारला दाब ९.४ होता तो २.९.

राखुंडी

२.९ वर आला म्हणजे वीट मोकळी आहे. पूर्ण रीजननंतरही ७-८ वर अडून राहिला असता तर मी राखेची शंका घेतली असती. १,२८,००० किमीला थोडी राख असणारच, पण बदलायच्या जवळपासही नाही. हे आकडे कुठेतरी लिहून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच आरपीएमला पुन्हा बघा.

पाना_बारातेरा

आता परत एकदा ऑइल बदला, या वेळी चांगलं. आणि तुमच्या ६ किमीच्या फेऱ्या तशाच राहणार, तेव्हा रीजन चालू आहे हे ओळखायला शिका. आयडल वाढलेलं, पंखा सुटलेला, वास. अशा वेळी घरी पोचलात तर बंद करू नका, अजून एक चक्कर मारून या. आणि वाळल्या गवतावर तर मुळीच उभी करू नका. माझ्याकडे एका गाडीखाली गवताचा ताटाएवढा काळा गोल झाला होता. नशीब, पाण्याची बादली जवळ होती.

भरलेल्या फिल्टरवर रीजन ऐन जोरात असताना गाडी एकदम आयडलला आणणंही बरं नाही. काजळी पेटलेली, आणि उष्णता वाहून न्यायला धूर नाही. वीट तडकते ती अशी.

जुगाडू_नंबर_वन

माझ्या मित्राच्या गाडीचा हीटरही कोमट आहे म्हणे. त्याने जाळी काढूनही मायलेज आलं नव्हतं. विचारून सांगतो.

राखुंडी

:)

डबल_केबिन

पाच आठवड्यांनी आलोय, राहून गेलं होतं. तीच सकाळ-संध्याकाळची ६ किमी. शेवटच्या दोन रीजनमध्ये ४३० आणि ४६५ किमीचं अंतर. एकदा मध्येच गाडी बंद करावी लागली, पण पुढच्या फेरीत उरलेलं पूर्ण झालं. आज सकाळी गाडी थंड असताना डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा बुडवून बघितली. ऑइल पाच आठवड्यांपूर्वी होतं तिथेच आहे.